ऐरणीशेजारची जागा

माझ्या पहिल्या आकड्याला अकरा ताव लागले. ताव म्हणजे लोखंड भट्टीतून लाल होऊन बाहेर आल्यापासून ते काळवंडेपर्यंत हाताशी मिळणारी वेळ. सळई होती १० मिलिमीटरची, चौकोनी, वीतभर लांब. एक टोक निमुळतं करून वळवायचं, दुसरं उलट दिशेला वळवायचं, की पिशवी अडकवायचा आकडा तयार. आठवडी बाजारातला लोहार एवढं काम दोन-तीन तावांत उरकतो आणि करता करता गिऱ्हाइकाशी घासाघीसही करतो. माझ्या अकरातले निम्मे ताव नुसते चालण्यात गेले. घरात धूर नको म्हणून भट्टी मांडली होती परसाच्या एका टोकाला, आणि सावली हवी म्हणून ऐरण ठेवली होती दुसऱ्या टोकाला, आंब्याखाली. मधे सात पावलं. सळई सात पावलं हवेतून जाणार, थंड ऐरणीवर टेकणार, आणि मी हातोडा उचलेपर्यंत तिचा रंग उतरलेला असणार.

ही चूक मी दोन महिने केली. हातोडा हलका आहे, कोळसा ओला आहे, मनगटात जोर नाही, अशी सगळी कारणं शोधून झाली. अंतराचा विचार मनाला शिवला नाही. या पुस्तकाच्या हस्तलिखितात भट्टी आणि ऐरण यांच्यात एका पावलाहून जास्त जागा नको, हे वाक्य अगदी सुरुवातीलाच भेटलं, आणि तेव्हाच मी ही प्रस्तावना लिहायचं कबूल केलं.

लोखंडाचं काम करणारे सगळेच लोहार नव्हेत, हे आधी सांगायला हवं. बीड वितळवून साच्यात ओततात ते ओतकाम. सळया कापून वेल्डिंगने जोडून खिडकीची जाळी करतात ते फॅब्रिकेशन. लेथवर कातून काढतात ते कातकाम. लोहार लोखंड वितळवत नाही आणि शक्यतो त्यातलं काही काढूनही टाकत नाही. ते मऊ करून तो हवं तिकडे सरकवतो, पोळी लाटताना कणीक सरकते तसं. साधं लोखंड वितळायला १५०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. लोहाराचं बहुतेक काम ८०० ते १२५० अंशांत आटपतं. सळई ताणून लांब करणं, टोकाकडून ठोकून जाड करणं, वाकवणं, पिळणं, भोक पाडणं, छिन्नीने तोडणं, आणि दोन तुकडे टाकणखार लावून पांढऱ्या तावावर सांधणं: एवढ्या सात क्रियांबाहेरचं लोहारकाम मला तरी माहीत नाही. शेवटची क्रिया सोडली तर बाकीच्या सहा कुणालाही एका पावसाळ्यात जमतात. सांधणं जमायला मला तीन वर्षं लागली, आणि अजूनही पाहुण्यांसमोर मी ते करत नाही.

आपल्या भागात या कामाला फार जुना आधार आहे. विदर्भातल्या शिलावर्तुळांखाली कुऱ्हाडी, छिन्न्या, घोड्याचे लगाम अशा लोखंडी वस्तू निघाल्या आहेत; नागपूरजवळचं माहूरझरी त्यासाठी प्रसिद्ध आहे. नायकुंडला तर लोखंड गाळण्याच्या भट्टीचे अवशेष आणि मळी मिळाली. काळ ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातला. त्या भट्टीत लोखंड वितळून वाहत नसे. खनिज आणि कोळसा यांच्या धगीतून भोकं भोकं असलेला, मळीने भरलेला गोळा हाती येई, आणि तो तापवून, ठोकून ठोकून त्यातली मळी बाहेर काढावी लागे. म्हणजे हातोडा आकार द्यायला नंतर आला. आधी तो लोखंड स्वच्छ करायला होता. सह्याद्रीत महाबळेश्वरच्या आसपास धावड लोक अशाच पद्धतीने जांभ्या दगडातलं लोखंड काढत. विलायतेहून स्वस्त लोखंड येऊ लागलं, कोळशासाठी झाडं तोडायला जंगलखात्याची मनाई झाली, आणि एकोणिसाव्या शतकात त्यांच्या भट्ट्या विझल्या. मध्य भारतातल्या आगरिया लोकांचं हेच काम पुढेही चालू होतं. व्हेरियर एल्विनने त्यांच्यावर १९४२ साली एक अख्खा ग्रंथ लिहिला.

गावचा लोहार त्या गाळणाऱ्यांहून वेगळा. त्याच्याकडे लोखंड आयतं येई आणि गावाची अवजारं येऊन नवी होऊन जात. बलुतेदारांत सुताराशेजारी त्याची जागा, कारण सुताराने नांगर करायचा आणि लोहाराने फाळ. सुताराने चाक करायचं आणि लोहाराने त्यावर धाव चढवायची. गोवऱ्यांच्या आगीत लाल केलेली धाव चारचौघांनी सांडशींनी उचलून लाकडी चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. आक्रसत जाणारी पट्टी आरे न् आरे आवळून धरते. पोलाद महाग, म्हणून कुऱ्हाडीचं अंग साध्या लोखंडाचं आणि धारेपुरतं तिखं सांधलेलं असे. पोलादाला तिखं म्हणणारी माणसं आता फार उरली नाहीत. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त बलुत्याचा सगळा हिशेब आहे. तो वाचताना एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. लोहाराला सुगीला धान्य मिळे, पण नको म्हणायची सोय नव्हती. ज्यांच्या वाट्याला हा विस्तव जन्माने आला, त्यांच्या लेखी तो छंद नव्हता.

गावोगावच्या ऐरणी शांत होण्याची सुरुवात आपल्याच भागात झाली म्हणायला हरकत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. पुढे मात्र तो असा रुजला की १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यानंतर रबरी टायरची गाडी आली, ट्रॅक्टर आला, कारखान्यातला कोयता आला. मुंबईच्या लोहार चाळीत आज जाऊन पाहा: दिवे, वायरी, पंखे, बटणं. नाव तेवढं लोहाराचं.

पाश्चात्य देशांत हे सगळं आधी घडलं आणि पुरतं घडलं, आणि तिथेच या कामाचा छंद झाला. अमेरिकेत सॅम्युअल येलिनसारख्या कारागिराने न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या खिडक्यांच्या जाळ्या हाताने घडवल्या होत्या; तो १९४० साली वारला. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत खेड्यातली लोहारसाळ जवळजवळ दिसेनाशी झाली. मग १९६९ साली अ‍ॅलेक्स बीलरचं ‘द आर्ट ऑफ ब्लॅकस्मिथिंग’ आलं. त्याचा लेखक पोटापाण्याने लोहार नव्हता. १९७३ साली जॉर्जियातल्या लम्पकिन गावी दोन डझनांवर माणसं जमली आणि अबाना ही कलावंत-लोहारांची संघटना निघाली. त्याच सुमारास, १९७४ साली, अलेक्झांडर वायगर्सचं ‘द मॉडर्न ब्लॅकस्मिथ’ निघालं. भंगारातून स्वतःची हत्यारं स्वतः करा, हा त्याचा मंत्र. ब्रिटनमध्ये १९७८ साली तशीच संघटना झाली. थोडक्यात, तिकडचा छंदिष्ट मेलेला धंदा पुस्तकातून उकरून काढत होता. त्याने ज्याच्याकडे जाऊन विचारावं असा म्हातारा क्वचितच उरला होता.

आज जगभर या कामाचे चार-पाच पंथ दिसतात. इंग्रजी-अमेरिकी वळणात एका शिंगाची ऐरण, उभ्याने काम, आणि घराचे कडी-कोयंडे, दिवे, जाळ्या यांवर भर. जोड दिसला तर तो खाच, खिळा किंवा पट्टीचा दिसावा, वेल्डिंगचा नको, अशी त्यांची शिस्त. मध्य युरोपात ऐरणीला दोन शिंगं आणि मनात शिल्प. जर्मनीचा फ्रित्स क्यून आणि चेक देशाचा आल्फ्रेड हाबरमान यांनी लोखंडाला पानाफुलांतून सोडवून आधुनिक केलं. चेक देशातल्या हेल्फश्टिन किल्ल्यावर १९८२पासून दरवर्षी लोहारांचा मेळा भरतो. तिसरा पंथ सुऱ्या करणाऱ्यांचा. बिल मोरान या अमेरिकी कारागिराने १९७३ साली थरांचं नक्षीदार पोलाद पुन्हा लोकांसमोर आणलं आणि १९७६ साली त्यांची संघटना निघाली. २०१५ साली ‘फोर्ज्ड इन फायर’ हा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर आला आणि आपल्याकडची कॉलेजातली मुलंही या नादाला लागली ती याच दारातून. त्यांच्याबद्दल माझी एकच तक्रार आहे: सगळ्यांना पहिल्या दिवशी तलवार करायची असते. जपानी पंथाबद्दल इथे लिहायला बसलो तर प्रस्तावनेचं पुस्तक होईल. साकाईच्या स्वयंपाकाच्या सुऱ्या हातात घेऊन पाहाव्यात, एवढंच.

आणि पाचवा पंथ आपला. त्याला कुणी पंथ म्हणत नाही, कारण त्यावर कुणी पुस्तक लिहिलं नाही. चौकोनी ठोकळ्यासारखी बिनशिंगाची ऐरण, जमिनीत रोवलेली. लोहार बसून काम करतो, सांडशी डाव्या हातात, छोटा हातोडा उजव्या. समोर उभी राहून घण मारते ती बहुधा त्याची बायको. तो लहान हातोड्याने जिथे टकटक करतो तिथेच घण पडायचा. बोलायचं काही नसतं. शहरी मराठी माणसाची ऐरणीशी ओळख भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’ (१९६५) मधल्या लोहार जोडप्यामुळे आहे, आणि ती तिथेच थांबते. पण घिसाडी कुटुंबं अजूनही आठवडी बाजाराच्या कडेला पाल ठोकून बसतात. त्यांचं कच्चं लोखंड म्हणजे ट्रकचे मोडके पाटे. ऊसतोड सुरू व्हायच्या आधी कोयत्यांचा ढीग त्यांच्यापुढे लागलेला असतो.

एका बाजारात मी अशाच एका पालापुढे उकिडवा बसून होतो. तिथल्या घिसाडी मामांनी एक खुरपं शेवटून आणलं होतं, म्हणजे झिजलेलं पातं ताणून पुन्हा पातळ केलं होतं. आता पाणी पाजायचं होतं. पातं गाजरासारखं लाल झालं तसं त्यांनी फक्त धारेकडचं बोटभर अंग पाण्यात बुडवलं, चार श्वास धरलं आणि बाहेर काढलं. पाठीकडचा भाग अजून काळपट-लाल. विटेच्या तुकड्याने धार खसाखसा घासली, तेवढी चांदीसारखी उजळली. मग ते थांबले. पाठीतली धग हळूहळू धारेकडे उतरू लागली आणि उजळलेल्या पट्टीवर आधी फिकट पिवळा, मग गव्हासारखा, मग तपकिरी रंग सरकत आला. त्याच्या मागोमाग जांभळा दिसला, तसं सगळं पातं पाण्यात.

“मामा, आणखी थांबला असता तर?”

“निळं झालं असतं. मग ते खुरपं नाही, उलथनं.”

पुस्तकी भाषेत सांगायचं तर पिवळा रंग २२० अंशांच्या आसपास येतो, तपकिरी २५०च्या पुढे, निळा ३००ला. कडक पोलाद ठिसूळ असतं, म्हणून त्याचा थोडा कडकपणा असा काढून घ्यावा लागतो. घरी करणारा हेच काम पातं तेलात विझवून आणि नंतर स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर तास-दोन तास ठेवून करतो. पाटा पाण्यात विझवला तर तडकण्याची भीती असते, आणि ती भीती पोटात घालून काम करायला मामांइतकी वर्षं लागतात. पण रंग सरकताना एकदा डोळ्यांनी पाहिला की ओव्हनमध्ये काय चाललंय ते कळतं. हे दृश्य अमेरिकेतल्या नवशिक्याला फोनवर बघावं लागतं. आपल्याला बाजाराचा वार माहीत असला की पुरतं. माझ्या मते हा आपल्या हाती असलेला सगळ्यात मोठा फायदा आहे आणि तो फार वर्षं राहणार नाही. मामांचा मुलगा आयटीआय करून फॅब्रिकेशनमध्ये गेला. योग्यच केलं त्याने. धग, धूर आणि दर पावसाळ्यात भिजणारं पाल यांतून तो सुटला. म्हणून या छंदाचं मराठी पुस्तक आत्ता यायला हवं होतं. लोहारकाम “वाचवायला” निघालेल्या उत्साही मंडळींचा मला कंटाळा येतो. शिकायचं असेल तर शिकावं, तासाचे पैसे द्यावेत, आणि बाजाराच्या गर्दीच्या वेळी मामांचं डोकं खाऊ नये.

घरी सुरुवात करायला काय लागतं, याचा तपशील पुढे आहे, तरी काही गोष्टी माझ्याकडून. ऐरण हा शब्द ऐकून घाबरू नका आणि रेल्वेच्या रुळाचा तुकडा कुठून “मिळतोय” म्हणून हुरळूही नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगल्याबद्दल १९६६चा स्वतंत्र कायदा आहे. भंगारवाल्याकडे २५-३० किलोचा पोलादी ठोकळा सापडतो. तो बाभळीच्या ओंडक्यावर बसवा. उभं राहून मूठ खाली सोडली की बोटांची पेरं जिथे येतात, तेवढी उंची. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे जुने हातोडे आणि सांडशा मिळतात. हातोडा किलोभराचा पुरे. पहिलं लोखंड फॅब्रिकेशनच्या दुकानातली साधी सळई असू द्या, बांधकामाची टीएमटी नको. तिचं कवच कारखान्यातच विझवून कडक केलेलं असतं, आतलं अंग वेगळं, आणि नवशिक्याला ती फसवते. भट्टी म्हणजे ट्रकचा ब्रेकड्रम, खालून पाईप, पाईपला छोटा ब्लोअर. लोणारी कोळसा ब्लोअरवर पटापट उडतो पण धूर कमी करतो, दगडी कोळसा टिकतो पण शेजाऱ्यांना कळतो. गॅसची भट्टी स्वच्छ असते, मात्र घरचा १४.२ किलोचा सिलिंडर त्यासाठी वापरायला परवानगी नाही, आणि बंद खोलीत ती पेटवणं म्हणजे वास न येणाऱ्या विषारी वायूला घरात घेणं. फ्लॅटच्या बाल्कनीत हे काम होत नाही. यावर मला पुष्कळ जणांनी उपाय सुचवले आहेत. एकही चालणारा नाही. गावचं घर, मित्राचं शेत, भावाचं वर्कशॉप, काहीतरी शोधा. ऐरणीच्या पोटाला साखळी गुंडाळली की तिची किणकिण निम्मी होते, हे मात्र खरं.

जस्ताचा मुलामा असलेला पाईप भट्टीत घालू नये. मी घातला. जस्त ९०७ अंशांला उकळतं, पांढरा धूर येतो आणि जळलेल्या गोळ्यांसारखा गोड वास जिभेवर बसतो. त्या रात्री हुडहुडी भरून ताप आला, घरच्यांना मलेरिया वाटला. दुसऱ्या दिवशी उतरला, पण तो पाईप अजून परसात पडलाय आणि त्याच्याकडे पाहिलं की तोच वास येतो. डोळ्यांना चष्मा, कानात बोळे, अंगात सुती कपडे. नायलॉनचा सदरा ठिणगीने कातडीला चिकटतो. लाल लोखंडाला कोणी हात लावत नाही. भाजतं ते काळं लोखंड, ४०० अंशांवरचं, निरागस दिसणारं. सुऱ्या करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की घरकामाची किंवा शेतीची नसलेली, ९ इंचांहून लांब वा २ इंचांहून रुंद पाती शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतात.

लेखकाने या पुस्तकात जे करायचं ठरवलं आहे ते वाटतं तितकं साधं नाही. इंग्रजीत शेकडो पुस्तकं असताना त्यांतलं एखादं मराठीत आणणं सोपं होतं. त्याऐवजी त्याने शब्द लोहारांकडून घेतले आहेत: ताव, भाता, सांडशी, धाव, पाणी. परदेशी पंथांकडून त्याने जोडकामाची शिस्त आणि तापमानाचं गणित घेतलं आहे, आणि बसून करायचं की उभ्याने, या वादात दोन्ही बाजूंची कृती दिली आहे. मी स्वतः उभ्याने काम करतो, कारण माझे गुडघे बसू देत नाहीत. लेखक बसण्याच्या बाजूचा आहे. तो म्हणतो, बसलं की पाय सांडशीचं काम करतात. मी करून पाहिलं; खरं आहे, पण उठताना दोन माणसं लागली. पुस्तकाचा क्रमही मला पटला. आकडा, खिळा, कडी, उलथनं, खुरपं, आणि सुरी सगळ्यात शेवटी. ज्यांना आधी सुरी हवी ते पानं उलटतीलच, पण तिथे पोचल्यावर त्यांना खिळ्याच्या प्रकरणाकडे परत यावं लागेल अशी व्यवस्था लेखकाने करून ठेवली आहे, आणि ती मला फार आवडली.

घण मारणाऱ्या बाईवर या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे. परदेशी पुस्तकांत घण मारणाऱ्याला मदतनीस म्हणतात. बाजारातल्या मावशींना मी एकदा विचारलं, घण किती किलोचा. त्या म्हणाल्या, “वजन नाय केलं कधी. उचलतो ना.”

तो अकरा तावांचा आकडा मी पुढच्या बाजाराला मामांना दाखवायला नेला. त्यांनी तो बोटांत फिरवला, एक डोळा मिटून सरळ रेषेत धरला, आणि मान डावीकडे कलली आहे हे मला न सांगता ऐरणीवर ठेवून गारच एक टोला दिला. मग पालाच्या दोरीला अडकवून त्यावर चहाची किटली टांगली. निघताना मी तो परत मागितला नाही.